दादाचं यान आणि माझी गोष्ट

"काय म्हणाली गं ती?" दादानं विचारलं.

टीव्हीच्या पडद्यावर चंदेरी कपडे घातलेली एक बाई उभी होती. तिच्यामागे एक ग्रह जळत होता. ती इंग्रजीत बोलत होती आणि खाली अक्षरं उमटत होती, पण तेवढ्या घाईनं वाचणं दादाला जमत नव्हतं.

"ती म्हणते, विश्व वाचवायला आता एकच तास उरलाय."

"कालही एकच तास उरला होता."

"हो."

"मध्ये आपण जेवलो, झोपलो, सकाळी माझी दाढी झाली. अजून तासच?"

"अजून तासच."

दादा हसला. झटका आल्यापासून त्याचं हसू एकाच बाजूनं यायचं. बाईचं बोलणं संपलं, पडदा काळा झाला, त्यात चांदण्या उगवल्या आणि दादाचं डागडुजी केलेलं यान मधोमध तरंगू लागलं. त्याबरोबर तो खुर्चीत पुढे सरकला. मांडीवरचा रिमोट त्यानं दोन्ही हातांत धरला. सकाळी शर्टाचं एक बटण लावायला जो अंगठा तयार नव्हता, तो हळूहळू हलायला लागला.

याला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांची होते. सांगलीच्या शाळेतून निवृत्त झाले होते आणि मागे संसार नव्हता, त्यामुळे दादा आजारी पडल्याचं कळताच पिशवी भरून कराडला येऊन राहिले. दादा, म्हणजे विश्वनाथ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. सगळं आयुष्य त्यानं एस.टी.च्या डेपोत इंजिनं उघडण्यात आणि जोडण्यात घालवलं. निवृत्तीनंतरही परसात पत्र्याची शेड टाकून तो गल्लीतले पंप, मिक्सर, शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. भाद्रपदात झटका आला आणि त्याची उजवी बाजू गेली. बोलणं वाचलं, पायही महिन्याभरात काठीच्या आधारानं चालू लागला. हात मात्र येईना.

व्यायाम करून घ्यायला नाझनीन शेख नावाची एक मुलगी आठवड्यातून तीनदा स्कूटरवरून यायची. तिशीची असेल, बारीक चणीची, पण बोलायला सरळ. तिनं पहिल्याच दिवशी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं की पहिल्या सहा महिन्यांत मेंदू शिकवलेलं ऐकतो, नंतर तो हट्टी होतो. तेव्हा फाल्गुनापर्यंत हात आला तर आला. तिच्याकडे पकड मोजायचं एक यंत्र होतं. ते दाबलं की काटा किती किलोवर गेला ते दिसायचं. दादाचा डावा हात तीस दाखवायचा, उजवा चार.

तिनं ताटात वाटाणे टाकून ते एकेक वेचायला दिले. दादानं ताट सरकवून दिलं. डांबराच्या रस्त्यावर उताणा पडून गिअरबॉक्स उतरवलेल्या माणसाला वाटाणे वेचायला लावता, असं काहीतरी तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. रबरी चेंडूचं तेच, मातीच्या गोळ्याचं तेच. वहिनी रोज सांगून थकल्या.

दिवाळीत त्याची नात रेवा पुण्याहून आली. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं आपल्या खोलीवरचा व्हिडिओ गेमचा डबा आणून आजोबांच्या टीव्हीला जोडला. म्हणाली, यात तुमच्यासारखंच काम आहे. अंतराळात मोडलेले उपग्रह आणि यानांचे तुकडे फिरत असायचे. आपल्या यानातून दोरीला बांधलेला आकडा फेकायचा, तुकडा पकडायचा, झोके सावरत ओढून घ्यायचा, आणि मग त्यातले कामाचे सुटे भाग काढून आपल्या यानाला बसवायचे. आकडा फेकायला उजवं बोट, दोरी सावरायला उजवा अंगठा.

पहिल्या दिवशी दादाला ते बटणच दाबता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आकडा सुटला आणि भलतीकडे गेला. आठव्या दिवशी त्यानं एका उपग्रहाचा पंखा पकडून आणला आणि वहिनींना स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवला. महिन्यानं नाझनीनच्या यंत्राचा काटा नवावर गेला. ती एरवी कधी कुणाचं कौतुक करायची नाही, पण त्या दिवशी तिनं चहाला हो म्हटलं.

इथवर सगळं नीट चाललं होतं. घोटाळा केला तो मी.

मी चाळीस वर्षं कथाकथन केलं. शाळा सांभाळून, शनिवार-रविवारी, वाचनालयांतून, महिला मंडळांतून, गणपतीच्या मांडवांतून. माझ्या गोष्टी मीच रचायचे. माणसं पाणी प्यायला उठायची विसरली की कार्यक्रम जमला, हे माझं माप. आणि इथे रोज दुपारी चार वाजता माझ्यासमोर गेममधली ही गोष्ट चालायची. तिसऱ्या प्रसंगात गुरू मरायचा आणि सहाव्यात जिवंत होऊन मागच्या बाकावर बसलेला असायचा. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचं नाही. राणी एका दगडासाठी राज्य देऊन टाकायची. नायकाचा भाऊ दुष्ट का झाला, तर भविष्यवाणीत तसं लिहिलं होतं. अशी गोष्ट सातवीच्या मुलानं वहीत लिहून आणली असती तर मी त्याला परत लिहायला लावली असती.

मी रेवाला फोनवर हे सगळं सुनावलं. ती म्हणाली, "नलूआजी, तू ते ऐकतेसच कशाला? त्रिकोणाचं बटण दाब, गोष्ट पुढे पळते. सगळे तेच करतात."

मी फोन ठेवला. गोष्ट पुढे पळवायला बटण. एवढ्या वर्षांत माझ्यापुढे बसलेल्या माणसांच्या हातात तसं बटण असतं तर, असा विचार मनात आला आणि तो काही केल्या जाईना.

मी दादालाही विचारलं की एवढ्या भिकार गोष्टीत त्याला गोडी तरी कशी वाटते.

"गोष्ट असू दे गं," तो म्हणाला. "ती बस सुटायच्या आधीची घंटी आहे. वाजली की निघायचं."

मला ते लागलं. तसं दाखवलं नाही, पण लागलं.

दुसऱ्या दिवशी तो मेलेला गुरू पुन्हा एकदा मेला. मी दादाला म्हटलं, आवाज बंद कर, काय चाललंय ते मी सांगते. त्यानं गंमत म्हणून बंद केला. पडद्यावरच्या माणसांची तोंडं हलत राहिली आणि मी त्यांना माझे शब्द दिले. यानावर नऊ माणसं आहेत. एक फिटर आहे, त्याचं नाव मार्तंड. प्रवास अकरा वर्षांचा, त्यातली दहा संपली आहेत. आणि आज सकाळी मार्तंड उठला तेव्हा त्याला दिसलं की इंजिनाच्या खोलीतला एक बोल्ट नाहीये.

"किती नंबरचा?" दादानं विचारलं.

"सतराचा."

"सतराचा बोल्ट आपोआप पडत नाही. कुणीतरी काढला असणार."

"मार्तंडही तेच म्हणाला."

चित्र संपलं, चांदण्या आल्या, यान तरंगू लागलं. खरं म्हणजे तिथे मी थांबायला हवं होतं. पण कान टवकारून बसलेला माणूस समोर असताना थांबायची मला सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी आणखी एक बोल्ट गेला, तिसऱ्या दिवशी तिसरा. यान रोज थोडं जास्त खडखडायला लागलं. नऊ माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली. वहिनी लसूण सोलत दाराशी येऊन बसायच्या. दादा प्रश्न विचारायचा, कुणाच्या हातात पाना होता, रात्रपाळी कुणाची होती, दार कुणीकडून बंद होतं. पडद्यावर त्याचं यान एका जागी घिरट्या घालत राहायचं. रिमोट मांडीवर, आणि त्यावर उजवा हात निपचित पडलेला.

तो हात मला दिसत होता. खोटं कशाला सांगू, मला तो दिसला आणि बरं वाटलं. मांडवातली माणसं अशीच हातातलं काम विसरायची.

असे बारा दिवस गेले. मध्यंतरी नाझनीन एका लग्नासाठी सोलापूरला गेली होती. परत आली तेव्हा तिनं यंत्र दादाच्या हातात दिलं. काटा सातावर थांबला. तिनं पुन्हा दाबायला लावलं. सातच.

"नवाचे सात कसे झाले, काका?"

वहिनींनी कौतुकानं सांगून टाकलं की वन्सं गोष्ट सांगतायत, ती ऐकताना त्यांना कशाचीच शुद्ध राहत नाही.

नाझनीननं माझ्याकडे पाहिलं. "चांगली आहे गोष्ट?"

"फारच चांगली," वहिनी म्हणाल्या.

"मग अडचण आहे," ती म्हणाली.

तरी तीही उभ्या उभ्या ऐकायला लागली. बॅग खांद्यालाच होती. मी त्या दिवशी पाचव्या माणसाची झडती सांगत होते. पंधरा मिनिटांनी तिनं घड्याळ पाहिलं आणि ती दचकलीच. तिचा पुढचा पेशंट खोळंबला होता. स्कूटरपर्यंत मी तिच्याबरोबर गेले. किल्ली लावता लावता ती म्हणाली, "ताई, माझा स्वतःचा पाय हलला नाही तिथून. काकांचा हात कसा हलणार? आता अडीच महिने राहिलेत."

मी आधी सोपे उपाय करून पाहिले. दादाला म्हटलं, ऐकता ऐकता खेळ. त्यानं खरंच प्रयत्न केला. आकडा फेकला की त्याच्या कानांतून माझं वाक्य निसटायचं, आणि वाक्य धरलं की दोरी सुटायची. "एक तर ऐकू दे, नाहीतर पकडू दे," तो वैतागून म्हणाला. नाझनीन म्हणाली, बरोबर आहे, झटक्यानंतर दोन कामं एकदम पेलत नाहीत.

मग मी गोष्टच बंद केली. घसा बसलाय असं सांगितलं. दादानं रिमोटला हातही लावला नाही. दोन दिवस तो खिडकीशी बसून होता. मधूनच म्हणायचा, स्वयंपाकी नसणार, त्याला सतराचा पाना धरताच येणार नाही. जेवतानाही तेच. वहिनींच्या तोंडाकडे बघून तो म्हणाला, "डॉक्टरीणबाई असेल. तिच्यावर कुणाचा संशय नाही." चोर कोण ते कळल्याशिवाय तो त्या खिडकीपासून हलणार नव्हता आणि रिमोटही उचलणार नव्हता.

म्हणजे गोष्ट संपवायलाच हवी होती. पण मला माझा श्रोता कळत होता. चांगली संपवली तर उद्या चार वाजता तो म्हणणार, दुसरी सांग.

शेवट माझ्याकडे होता. पहिल्या बोल्टाच्या दिवशीच तो मला सुचला होता आणि तेव्हापासून मी त्याला जपत होते. आयुष्यात दोन-तीनदाच असा शेवट हाती लागतो. तो तोंडापर्यंत आला की माझा आवाज आपोआप खाली जायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेथी निवडत मी वाईट शेवट शोधत बसले. काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. सगळे मेले असं सांगितलं तर दादा हळहळला असता, आणि हळहळलेला माणूस पुन्हा येतो. चोर भलताच कुणी बाहेरचा निघाला असं सांगितलं तर त्यानं वाद घातला असता, म्हणजे आणखी दोन दिवस गेले. मला असा शेवट हवा होता की ऐकणाऱ्याला आपण फसलो असं वाटावं. मेथीची जुडी संपली तेव्हा तो मिळाला.

चार वाजता मी खुर्ची ओढून बसले. वहिनी दाराशी आल्या. दादानं टीव्ही लावून आवाज बंद केला आणि हात मांडीवर ठेवून माझ्याकडे वळला.

मी भराभर सांगत गेले. कुठेही थांबले नाही, आवाज चढवला-उतरवला नाही, बातम्या वाचल्यासारखं सांगितलं. मार्तंड इंजिनाच्या खोलीत लपून बसला. दाराची कडी वाजली. कुणीतरी आत आलं. त्याच्या हातात सतराचा पाना होता. मार्तंडनं दिवा लावला.

"आणि?" दादा म्हणाला.

"आणि त्याला जाग आली."

"म्हणजे?"

"तो आपल्या घरी पलंगावर होता. सगळं स्वप्न होतं."

दादा माझ्याकडे बघत राहिला. "बोल्ट कुणी काढलाच नव्हता?"

"नाही."

"यानही नव्हतं?"

"नाही."

"इतके दिवस मी इथं बसून त्याचं स्वप्न ऐकलं?"

"हो. संपली गोष्ट."

डेपोत एखाद्या अप्रेंटिसनं इंजिन जोडून झाल्यावर चार भाग हातात उरलेले आणून दाखवले, तर दादा त्याच्याकडे कसा बघत असेल ते मला त्या दिवशी कळलं. तो रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याला माझी कीव आली.

"नलू, एवढं चांगलं यान बांधलंस," तो म्हणाला, "आणि उतरवता आलं नाही तुला."

त्यानं टीव्हीचा आवाज मोठा केला. चंदेरी बाई पडद्यावर आली आणि एक तास उरल्याचं सांगू लागली. "ही बाई येडपट आहे, पण निदान झोपेतून तरी उठत नाही," असं पुटपुटत त्यानं रिमोट उचलला. चांदण्या आल्या. पहिला आकडा हुकला. दुसरा हुकला. एवढ्या दिवसांत बोटं पुन्हा ताठरली होती. त्यानं शिवी हासडली, मनगट झटकलं आणि तिसऱ्यांदा फेकला. मी तिथेच बसून होते. त्यानं मला काहीही विचारलं नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी पाठोपाठ आल्या आणि परातीत पीठ घेऊन मळायला बसल्या. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाल्या, "वन्सं, स्वप्न नव्हतं ना ते?"

मी नाही म्हटलं.

"मग कोण होतं?"

मी दाराकडे पाहिलं. बाहेर गेमचा आवाज चालू होता. मी वहिनींच्या शेजारी बसून हळू आवाजात सांगितलं. दिवा लावल्यावर मार्तंडला खोलीत कुणीच दिसलं नाही. सतराचा पाना त्याच्याच हातात होता. यान वर्षभरात पोचणार होतं. तिथे सगळं नवं होतं, काही मोडणारं नव्हतं. नऊ माणसांपैकी आठांना तिथे काहीतरी काम होतं. फिटरला नव्हतं.

वहिनींचे पिठातले हात थांबले. त्या म्हणाल्या, "हे त्यांना कधीच सांगायचं नाही?"

"नाही."

"मग मलाही सांगायला नको होतंत. आता हे सांभाळत बसावं लागेल."

त्यांनी सांभाळलं. अठ्ठावीस दिवसांनी काटा नवावर परत आला. मग अकरा. मग तेरावर बरेच दिवस अडून बसला. फाल्गुनात सोळा झाला तेव्हा नाझनीननं यंत्र बॅगेत ठेवलं आणि आता आठवड्यातून एकदा येईन म्हणाली. दादानं त्या गेममधलं विश्व वाचवलं की नाही ते मला ठाऊक नाही, त्यालाही नसावं. त्याचं यान मात्र शेवटी शेवटी फार देखणं झालं होतं. पहिल्यातला एकही भाग त्यात उरला नव्हता. मी सांगलीला परतले तेव्हा तो शेडमध्ये कुणाच्या तरी शिलाई मशिनपुढे बसला होता.

त्यानंतर चार वर्षांनी रेवाचं लग्न झालं. साताऱ्याच्या एका कार्यालयात जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. वराकडच्या दोघी बायकांनी मला ओळखलं. त्यांनी कधीकाळी माझा कार्यक्रम ऐकला होता. जेवणानंतर एक गोष्ट सांगाच म्हणून त्या मागे लागल्या. तेवढ्यात दादा बासुंदी वाढत आमच्यासमोर आला. वाढपी होते, पण मुलीच्या आजोबानं एक फेरी घालायचीच, असा त्याचा हट्ट होता. पातेली डाव्या हातात, ओगराळं उजव्या.

"हिला गोष्ट सांगायला सांगताय?" तो त्या बायकांना म्हणाला. "सुरुवात ऐकाच तुम्ही. अशी करते की माणूस जागचा हलत नाही. पण शेवट तिला जमत नाही. माझी सख्खी बहीण आहे म्हणून सांगतो, अगदीच रद्दी करते."

बायका संकोचून हसल्या. माझ्या शेजारी बसलेल्या वहिनींनी तोंड उघडलं. मी टेबलाखालून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"खरं आहे त्याचं," मी म्हटलं. "शेवटाला मी कच्चीच."

"बघा," दादा म्हणाला. "कबूल करते, हा मात्र तिचा गुण आहे."

मी वाटी पुढे केली. वाटी लहान होती आणि ओगराळं मोठं. दादा बोलायचं थांबला. त्यानं मनगट हळूहळू कलतं केलं, धार बारीक केली आणि काठाच्या एक रेघ खाली आणून तोडली. टेबलावर पांढरा कागद अंथरला होता. त्यावर एक थेंब पडला नव्हता.

"आणखी?" त्यानं विचारलं.

"वाढ," मी म्हटलं.